इव्हान्स्टनला स्थलांतर : मोटारीविना संसार, मुलीची शाळा आणि मराठी गोतावळ्यापासूनचे अंतर

ओसरी (८ मार्च २०२५)

नमस्कार. येत्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघे, म्हणजे मी, माझे यजमान आणि सात वर्षांची मुलगी, पुण्याहून अमेरिकेत इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथे राहायला जाणार आहोत. मला तेथील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मटेरियल सायन्सच्या विभागात दोन वर्षांचे संशोधनाचे काम मिळाले आहे. यजमानांच्या कंपनीचे कार्यालय शिकागोच्या मध्यभागी, ज्याला 'लूप' म्हणतात त्या भागात आहे आणि कंपनीने त्यांची तेथे बदली मान्य केली आहे. नकाशावर इव्हान्स्टन शिकागोच्या उत्तर सीमेला चिकटून, मिशिगन तळ्याच्या काठावर दिसते, त्यामुळे माझ्या दृष्टीने प्रश्न सुटला होता. परंतु अमेरिकेतील दोन नातेवाइकांनी स्वतंत्रपणे एकच सल्ला दिला, की नेपरव्हिल किंवा शॉम्बर्गकडे घर घ्या, कारण आपली माणसे तिकडे आहेत.

आमची अडचण अशी, की आम्हा दोघांनाही मोटार चालवण्याचा सराव नाही. पुण्यात माझी स्कूटर आणि त्यांची कंपनीची बस यांवर पंधरा वर्षे निघाली. शिवाय दोनच वर्षांसाठी जायचे असल्यामुळे दोन गाड्या घेणे जिवावर येते. दुसरीकडे, मुलीचे मराठी या दोन वर्षांत सुटू नये, अशीही तीव्र इच्छा आहे. इव्हान्स्टनमध्ये नेमके कोठे राहावे, शाळेचे कसे असते आणि मोटारीवाचून खरोखर चालते का, हे तेथे राहिलेल्यांनी सविस्तर सांगितले तर उपकार होतील.

हॉवर्डस्टेशन (८ मार्च २०२५)

मी चौदा वर्षे दक्षिण इव्हान्स्टनमध्ये राहतो आणि त्यांपैकी पहिली सहा वर्षे आमच्याकडे मोटार नव्हती. त्यामुळे तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : चालते, मात्र घर रुळांजवळ हवे, पाण्याजवळ नव्हे. येथे नवीन येणारा प्रत्येक जण तळे दिसेल असे घर शोधू लागतो. तळे कोठेही जात नाही आणि शहर इतके अरुंद आहे की पूर्व भागात कोठेही राहिलात तरी दहा-पंधरा मिनिटांत चालत काठावर पोहोचता.

इव्हान्स्टनची लोकसंख्या २०२०च्या जनगणनेनुसार सुमारे ७८,००० आहे. हॉवर्ड रस्ता ओलांडला की शिकागोचा रॉजर्स पार्क हा भाग सुरू होतो. बोरिवलीहून दहिसर कधी लागले हे जसे कळत नाही, तसेच हे आहे. शहरातून दोन वेगळ्या रेल्वे जवळजवळ शेजारून धावतात. शिकागोच्या सीटीए या शहरी वाहतूक संस्थेची पर्पल लाइन दक्षिणेकडून उत्तरेकडे साउथ बुलेव्हार्ड, मेन, डेम्पस्टर, डेव्हिस, फॉस्टर, नॉइज आणि सेंट्रल ही स्थानके घेत शेजारच्या विल्मेट गावातील लिंडनपर्यंत जाते. मेट्रा ही लांब पल्ल्याची उपनगरी रेल्वे मात्र मेन, डेव्हिस आणि सेंट्रल या तीनच ठिकाणी थांबते.

तुमचा विभाग 'टेक' या अवाढव्य इमारतीत किंवा तिच्या आसपास असणार, म्हणजे तुमचे स्थानक नॉइज. तेथून प्रयोगशाळा पायी दहा मिनिटांच्या आत आहे. यजमानांना लूपमध्ये जायचे असल्यास मेट्राने डेव्हिसहून ओगल्व्ही स्थानकापर्यंत सुमारे पंचवीस मिनिटे लागतात, परंतु गर्दीची वेळ सोडली की एक गाडी चुकल्यावर पुढच्या गाडीसाठी जवळजवळ तासभर थांबावे लागते. पर्पल लाइनची जलद सेवा कामाच्या दिवशी केवळ सकाळी आणि संध्याकाळी लूपपर्यंत जाते. एरवी ती सीमेवरच्या हॉवर्ड स्थानकालाच संपते आणि तेथे शिकागोत जाणारी रेड लाइन पकडावी लागते. नवीन माणसे रविवारी हे विसरतात आणि हॉवर्डच्या फलाटावर रिकाम्या झालेल्या गाडीत बसून राहतात. मीही बसलो आहे.

या सगळ्याचा विचार करता मेन आणि डेम्पस्टर या दोन स्थानकांच्या मधला पट्टा मी सुचवेन. मेनला दोन्ही रेल्वे आहेत, शिकागो अ‍ॅव्हेन्यूवर चालत जाण्याच्या अंतरावर किराण्याची मोठी दुकाने आहेत आणि तुमच्या नॉइजला मेनपासून चौथे स्थानक लागते. हिंग, पोहे, इडलीचा रवा यांसाठी शिकागोतील डेव्हन रस्ता आहे. भारतीय किराणा विकणाऱ्या पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान १९७४ साली याच रस्त्यावर निघाले. रेड लाइनने लोयोला स्थानकाला उतरून १५५ क्रमांकाच्या बसने पश्चिमेकडे जायचे. महिन्यातून एकदा दोन मोठ्या पिशव्या घेऊन जाणे पुरते.

नेपरव्हिलकर (९ मार्च २०२५)

राग मानू नये, पण वरचा प्रतिसाद अविवाहित तरुणासाठी अधिक योग्य आहे असे मला वाटते. मूल सात वर्षांचे असताना घराला अंगण, शेजारी खेळायला सवंगडी आणि सणावाराला चार ओळखीची माणसे लागतात. शिकागो परिसरातील मराठी कुटुंबे मुख्यतः पश्चिम आणि वायव्य उपनगरांत आहेत. लेमाँटचे मोठे हिंदू मंदिर, अरोराचे बालाजी मंदिर, शनिवार-रविवारची मराठी शाळा, गणेशोत्सवाच्या तालमी, हे सर्व आमच्या बाजूला आहे. इव्हान्स्टनहून नेपरव्हिल सुमारे चाळीस मैलांवर असून मोटारीने रहदारी नसताना तास लागतो, आणि रहदारी नसते असा दिवस मला आठवत नाही. मोटार न घेता दोन वर्षे तेथे राहणे म्हणजे बेटावर राहणे होईल. वाहन चालवणे येथे तीन महिन्यांत जमते. आमच्या सासूबाई त्रेसष्टाव्या वर्षी शिकल्या.

पाटीपेन्सिल (९ मार्च २०२५)

नेपरव्हिलकर यांचा मुद्दा मनापासून पटतो, कारण मी स्वतः चार वर्षे तो एकटेपणा अनुभवला आहे. मात्र त्यांच्या प्रतिसादात धागाकर्तीच्या रोजच्या प्रवासाचा हिशेब राहून गेला आहे. नेपरव्हिलहून रेल्वेने शिकागोच्या युनियन स्टेशनला यायचे, तेथून चालत ओगल्व्हीला जायचे आणि दुसरी गाडी पकडून इव्हान्स्टन गाठायचे, यात एका बाजूने पावणेदोन तास सहज जातात. मी दीड महिना हा प्रयोग केला आहे. मुलीला आठवड्यातून एकदा मराठी शाळेत नेणे अवघड आहे की आईने आठवड्यातून पाच वेळा साडेतीन तास प्रवास करणे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

आता शाळेविषयी. इव्हान्स्टनमध्ये दोन स्वतंत्र शालेय जिल्हे आहेत. बालवर्ग ते आठवीपर्यंत 'डिस्ट्रिक्ट ६५' आणि त्यापुढे 'डिस्ट्रिक्ट २०२', ज्याची एकच शाळा आहे : इव्हान्स्टन टाउनशिप हायस्कूल. तुमच्या मुलीचा संबंध पहिल्याशी येईल. कोणत्या शाळेत प्रवेश मिळणार हे घराच्या पत्त्यावरून ठरते, त्यामुळे घर पाहताना जिल्ह्याच्या संकेतस्थळावर तो पत्ता घालून पाहावा. दोन रस्ते अलीकडे-पलीकडे शाळा बदलते.

येथे एक गोम आहे आणि ती कोणी सांगत नाही. विद्यापीठाची पहिली तिमाही सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते, म्हणून येथील बहुतेक भाडेकरार १ सप्टेंबरला सुरू होतात. मुलांची शाळा मात्र ऑगस्टच्या अखेरीस उघडते आणि प्रवेशासाठी इव्हान्स्टनमधील पत्त्याचा पुरावा लागतो. म्हणजे ज्या आठवड्यात शाळा सुरू होते, त्या आठवड्यात तुम्ही बहुधा हॉटेलात किंवा कोणाच्या तरी दिवाणखान्यात असता. आम्ही आगाऊ सही झालेला करार दाखवून प्रवेश मिळवला, पण त्यासाठी कार्यालयात तीन खेपा घालाव्या लागल्या. शक्य असल्यास १ ऑगस्ट किंवा १५ ऑगस्टपासूनचे घर शोधा. अशी घरे थोडी असतात, पण असतात.

दुसरी गोष्ट लशींची. इलिनॉयमध्ये राज्याबाहेरून प्रथमच शाळेत येणाऱ्या मुलाची शारीरिक तपासणी आणि डोळ्यांची तपासणी ठरावीक छापील अर्जावर भरून द्यावी लागते, आणि दुसरीच्या वर्गासाठी दातांचीही. भारतातून येताना लसीकरणाची नोंद तारखांसह इंग्रजीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यानिशी आणावी. कांजिण्यांची लस आपल्या सरकारी लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे पुष्कळ मुलांची ती राहिलेली असते. दोन मात्रांमध्ये अंतर ठेवावे लागते, म्हणून आत्ताच बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्या.

पवईकर (९ मार्च २०२५)

मी मुंबईच्या पवईत शिकलो आणि नंतर इव्हान्स्टनला गेलो, त्यामुळे तळ्याकाठच्या विद्यापीठांचा मला दुहेरी अनुभव आहे असे मी गमतीने सांगत असे. पण या धाग्यावर 'तळे' हा शब्द वाचून राहवत नाही. मिशिगनचे क्षेत्रफळ सुमारे ५८,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या कोकण विभागाच्या जवळजवळ दुप्पट आहे. पलीकडचा काठ दिसत नाही. लाटा येतात, वादळे येतात, जहाजे बुडतात. १८६० साली 'लेडी एल्गिन' नावाची आगबोट येथून जवळच बुडाली आणि सुमारे तीनशे माणसे गेली. किनाऱ्यावर धावून आलेल्या एका विद्यार्थ्याने सतरा जणांना ओढून काढले होते. ग्रोस पॉइंटचा दीपस्तंभ त्यानंतरच्या दशकात उभा राहिला आणि आजही तेथे आहे. याला सरोवर म्हणावे, अशी नम्र सूचना.

आपल्या डोळ्यांना पहिले काही महिने चमत्कारिक वाटते, कारण समोर समुद्र असूनही खारा वास नाही, ओहोटी नाही आणि सूर्य पाण्यात बुडत नाही, तो पाण्यातून उगवतो. दादर चौपाटीच्या सवयीने मी पहिल्या दिवशी संध्याकाळी सूर्यास्त पाहायला काठावर जाऊन बसलो होतो. सूर्य माझ्या पाठीमागे, झाडांच्या आड केव्हाच गेला.

हवामानाविषयी सांगायचे तर थंडीपेक्षा वसंत ऋतू अधिक फसवा असतो. एप्रिल-मे महिन्यांत सरोवराचे पाणी अजून गारठलेले असते. वारा पूर्वेकडून वळला की अर्ध्या तासात तापमान धाडकन खाली येते. हवामानाच्या बातमीत 'सरोवराजवळ अधिक थंड' हे शब्द रोज ऐकू येतात आणि ते शब्दशः खरे असतात : पाच मैल आत असलेल्या गावात लोक अर्ध्या बाह्यांत फिरत असताना काठावर स्वेटर लागतो. उन्हाळ्यात हाच वारा वरदान ठरतो. बर्फाचा मारा मात्र प्रामुख्याने पलीकडच्या काठावर, मिशिगन आणि इंडियाना राज्यांत होतो, कारण हिवाळ्यातील वारे बहुतेक पश्चिमेकडून किंवा वायव्येकडून वाहतात आणि पाण्यावरून जाताना ओल घेतात. ईशान्येकडून वारा आला की आपली पाळी.

लहान मूल बरोबर आहे म्हणून एक धोक्याची सूचना. कडाक्याच्या थंडीत काठाला बर्फाची टेकाडे साचतात आणि ती जमिनीसारखी दिसतात. त्यांच्याखाली पोकळी आणि पाणी असते. त्यांवर पाऊल ठेवू नये, फोटोसाठीही नाही.

मीठभाकर (१० मार्च २०२५)

मी २००९ ते २०१४ या काळात तेथे पीएचडी केली आणि चार घरे बदलली, म्हणून घरांवर बोलतो. मेन-डेम्पस्टर भागात विटांच्या तीन मजली जुन्या इमारती आहेत. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आकाराच्या, मध्ये हिरवळीचा चौक आणि चौकात उघडणारे पाच-सहा जिने. बहुतेक १९२०च्या दशकातल्या आहेत. लाकडी जमीन, उंच छत, मागच्या बाजूला लाकडी जिना आणि गल्ली. कचरा त्या मागच्या गल्लीत ठेवायचा असतो, पुढच्या रस्त्यावर नव्हे. उष्णतेसाठी तळघरात एक बॉयलर असतो आणि त्याची वाफ घरोघरच्या लोखंडी रेडिएटरमध्ये येते. याचा फायदा असा, की अशा घरांत हिवाळ्याचा उष्णतेचा खर्च बहुधा भाड्यातच धरलेला असतो. जाहिरातीत ते स्पष्ट लिहिले आहे का, हे नक्की पाहा, कारण जानेवारीतील गॅसचे बिल पाहून माणूस भारताची तिकिटे शोधू लागतो. तोटा असा, की कपडे धुण्याची यंत्रे तळघरात सामाईक असतात आणि तापमान तुमच्या हातात नसते. फेब्रुवारीत खिडकी उघडून बसावे लागते, हे मी आईला कधीही पटवू शकलो नाही.

तळमजल्याच्या खाली अर्धवट जमिनीत असलेले घर स्वस्त मिळते. ते घेण्यापूर्वी पावसाचे पाणी शिरते का हे घरमालकाला नाही, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूला विचारा. शहराचा पूर्व भाग सपाट आहे. रिज अ‍ॅव्हेन्यू हा रस्ता ज्या उंचवट्यावरून जातो तो हिमयुगानंतरच्या जुन्या सरोवराचा काठ होता, आणि उन्हाळ्यातील मोठ्या पावसात पाण्याला ही गोष्ट अजूनही आठवते.

अमेरिकेत पत-इतिहास, म्हणजे कर्ज आणि बिले वेळेवर फेडल्याची नोंद, नसल्याने घरमालक आढेवेढे घेतात. विद्यापीठाचे नेमणूकपत्र, यजमानांचे बदलीपत्र आणि बँकेतील शिल्लक यांची एकत्र धारिका करून ठेवा. आणि अनामत रकमेविषयी माझा अनुभव ऐका. माझ्या दुसऱ्या घरमालकाने घर सोडताना न्हाणीघराच्या खिडकीच्या तड्याचे पैसे कापले. तो तडा मी येण्यापूर्वीपासून होता, पण माझ्याकडे पुरावा नव्हता. तेव्हापासून मी घरात सामान आणण्यापूर्वी प्रत्येक भिंत, प्रत्येक काच, फ्रिजचा आतला भागसुद्धा छायाचित्रांत टिपून त्याच दिवशी मालकाला ईमेलने पाठवत आलो. इव्हान्स्टन शहराचा घरमालक आणि भाडेकरू यांच्यासाठी स्वतंत्र अध्यादेश आहे. करारावर सही करण्यापूर्वी तो एकदा शांतपणे वाचावा. मी तो सहीनंतर दोन वर्षांनी वाचला.

फॉस्टर आणि नॉइज स्थानकांच्या आसपास पदवीचे विद्यार्थी दाटीने राहतात. प्रयोगशाळा जवळ म्हणून मोह होईल, पण शनिवारी रात्री मुलगी झोपणार नाही.

ओसरी (१२ मार्च २०२५)

सर्वांचे मनापासून आभार. कांजिण्यांच्या लशीचा मुद्दा वाचून लगेच फाइल काढून पाहिली. खरोखरच एकच मात्रा झालेली होती. दुसरी मात्रा येत्या आठवड्यात ठरवली आहे.

दोन शंका उरल्या. पहिली, यजमान विचारतात की दोन वर्षांऐवजी मुक्काम लांबला तर तेथे लहानसे घर विकत घेणे शहाणपणाचे ठरेल का. दुसरी, काही ठिकाणी वाचले की विद्यापीठ आणि गावकरी यांचे फारसे पटत नाही. आम्ही विद्यापीठाची माणसे म्हणून जाणार, तेव्हा याचा त्रास होतो का?

हॉवर्डस्टेशन (१३ मार्च २०२५)

तुमच्या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकाच ठिकाणी आहे : मालमत्ता कर.

विद्यापीठाची स्थापना १८५१ सालची. गाव त्यानंतर आखले गेले आणि त्याला संस्थापकांपैकी एक असलेल्या जॉन इव्हान्स यांचे नाव दिले गेले. म्हणजे येथे गावात विद्यापीठ आले नाही, विद्यापीठाभोवती गाव वसले. १८५५ साली राज्याने विद्यापीठाच्या सनदेत दोन कलमे घातली. एकानुसार विद्यापीठाच्या चार मैलांच्या परिसरात दारूविक्रीला बंदी झाली, आणि दुसऱ्यानुसार विद्यापीठाच्या मालमत्तेला करातून माफी मिळाली. दारूबंदी १९७२ साली सैल झाली. करमाफी आजही आहे, आणि तिच्यावरचा वाद एकोणिसाव्या शतकातच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन विद्यापीठाच्या बाजूने सुटला आहे. सरोवराकाठची सर्वांत मोक्याची जमीन करमुक्त असल्यावर शाळा, रस्ते आणि अग्निशमन यांचा भार उरलेल्या घरमालकांवर पडतो, अशी गावाची जुनी तक्रार आहे. १९६०च्या दशकात विद्यापीठाने सरोवरात भर घालून आणखी जमीन तयार केली. 'लेकफिल' म्हणतात तो भाग. त्यासाठीची वाळू इंडियानातील टेकड्यांमधून आली, यावरही तेव्हा गदारोळ झाला होता. आज गावकरी त्याच लेकफिलवर रोज फिरायला जातात आणि तेथूनच शिकागोचे सर्वांत देखणे दर्शन घडते. तक्रार आणि फेरफटका दोन्ही चालू असते.

ताजे उदाहरण फुटबॉलच्या मैदानाचे. १९२६ सालचे जुने मैदान पाडून तेथे ३५,००० आसनांचे नवे मैदान बांधले जात आहे. तेथे संगीताचे कार्यक्रम होऊ द्यावेत का, यावर नोव्हेंबर २०२३मध्ये नगरपरिषदेत समसमान मते पडली आणि महापौरांच्या मताने निर्णय झाला. सेंट्रल स्थानकाजवळ घर पाहिलेत तर हे ध्यानात ठेवा. तुम्हाला व्यक्तिशः त्रास होणार नाही. शेजारी तुमच्यासमोर विद्यापीठाला नावे ठेवतील आणि लगेच तुमच्या मुलीला सायकल देऊ करतील.

विकत घेण्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : दोन-तीन वर्षांसाठी घेऊ नये. इव्हान्स्टन ज्या कुक काउंटीत (जिल्ह्यात) येते, तेथे कर वर्षभर मागून आकारला जातो, म्हणजे यंदा भरता तो गेल्या वर्षीचा असतो, आणि दर तीन वर्षांनी फेरमूल्यांकन होते. उत्तर उपनगरांचे फेरमूल्यांकन याच वर्षी, २०२५मध्ये आहे. घर घेतल्यावर दुसऱ्या वर्षी कर किती होईल हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

शहराची आणखी एक बाजू जाता जाता सांगतो, कारण स्वस्त घरे शोधताना तुम्ही आपोआप पश्चिमेकडे, पाचव्या प्रभागात पोहोचाल. कृष्णवर्णीय कुटुंबांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच भागात कोंडले गेले, बँका त्यांना इतरत्र कर्ज देत नसत. तेथील फॉस्टर शाळा १९७९ साली बंद झाली आणि त्यानंतर तिथली मुले पिढ्यानुपिढ्या बसने दूरच्या शाळांत जात राहिली. २०२१ साली या शहराने अमेरिकेत प्रथमच त्या अन्यायाची भरपाई म्हणून घरासाठी २५,००० डॉलर देण्याचा कार्यक्रम सुरू केला. सरोवराकडची झाडी पाहून 'किती सुंदर गाव' म्हणताना हा नकाशाही माहीत असलेला बरा.

अवांतर : १८९३च्या सर्वधर्म परिषदेनंतर लगेच स्वामी विवेकानंदांनी इव्हान्स्टनच्या काँग्रिगेशनल चर्चमध्ये व्याख्याने दिली होती. म्हणजे भाड्याचे घर न घेता येथे काम करून गेलेले पहिले भारतीय बहुधा तेच असावेत.

नेपरव्हिलकर (१३ मार्च २०२५)

प्रवासाचा हिशेब मी खरोखर केला नव्हता, पाटीपेन्सिल यांचे म्हणणे मान्य. सुधारित प्रस्ताव देतो. इव्हान्स्टनलाच राहा, पण दोघांपैकी एकाने परवाना काढा आणि महिन्यातून दोन शनिवार-रविवार भाड्याची मोटार घ्या. गणपतीला आणि दिवाळीला आमच्याकडे मुक्कामाला यावे. मुलीला महिन्यातून दोनदा मराठी मुलांत सोडले तर भाषा टिकते, हे आमच्या दोन मुलांवरून सांगतो. त्यांच्या उच्चाराबद्दल मात्र काही विचारू नये.

पाटीपेन्सिल (१४ मार्च २०२५)

याला जोडून सांगते. आमच्या घरी रात्रीची गोष्ट मराठीतच, असा नियम होता आणि तो चार वर्षे मोडला नाही. पुस्तके पुण्याहून आणा, वजनात बसवा, त्यासाठी एक कुकर कमी आणला तरी चालेल. डेव्हनला कुकर मिळतो.

आणि मुलीला लिंडनच्या बहाई मंदिरात जरूर न्या. पर्पल लाइनच्या शेवटच्या स्थानकापासून ते चालत दहा मिनिटांवर आहे. दिल्लीचे कमळाच्या आकाराचे मंदिर याच पंथाचे. हे त्याहून जुने, १९५३ साली खुले झालेले, पांढरे आणि जाळीदार नक्षीचे आहे. माझी मुलगी त्याला 'लेसचं देऊळ' म्हणायची.

ओसरी (२७ जुलै २०२५)

कळवण्यास उशीर झाला. मेन स्थानकापासून सहा मिनिटांवर, चौक असलेल्या जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर १५ ऑगस्टपासून घर मिळाले. उष्णता भाड्यात धरलेली आहे. शाळेने करार ग्राह्य धरला. लशीच्या दोन्ही मात्रांची नोंद घेतली गेली. मीठभाकर यांच्या सांगण्यानुसार छायाचित्रांसाठी फोनमध्ये जागा मोकळी करून ठेवली आहे.

ओसरी (२ नोव्हेंबर २०२५)

जुना धागा वर काढते आहे, क्षमस्व. आम्ही स्थिरावलो आहोत. गणपतीला नेपरव्हिलकर यांच्याकडे जाऊन आलो, यजमान परवान्याची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले. सरोवरावर मुलगी रोज दगड गोळा करते आणि ते घरातील प्रत्येक खिडकीत मांडते.

प्रश्न रेडिएटरचा आहे. गेल्या आठवड्यापासून बॉयलर सुरू झाला. दिवाणखान्यातील रेडिएटर नुसता फुसफुसतो, पण झोपण्याच्या खोलीतील रेडिएटरमधून पहाटे चारच्या सुमारास लोहारकाम चालल्यासारखे ठोके ऐकू येतात. खोली फार तापते म्हणून मी त्याची चावी अर्धी बंद केली, त्यानंतर ठोके वाढले. हे धोकादायक आहे का?

मीठभाकर (२ नोव्हेंबर २०२५)

धोका नाही, पण चावी अर्धी ठेवू नका. या जुन्या पद्धतीत एकाच नळीतून वाफ वर येते आणि थंड झालेले पाणी त्याच नळीतून खाली परत जाते. चावी अर्धी असली की पाणी अडते आणि मागून येणारी वाफ त्यावर आदळते, तोच तो ठोका. चावी पूर्ण उघडी ठेवा किंवा पूर्ण बंद करा, मधले काही नाही. खोली तापली तर खिडकी बोटभर उघडा. फुसफुस ही बाजूच्या लहान झडपेतून हवा बाहेर पडण्याची आहे, ती हवीच.

तरीही ठोके राहिले तर रेडिएटरवर पातळी पाहण्याचे साधन ठेवा किंवा गोटी ठेवून पाहा. तो चावीच्या बाजूला किंचित उतरता हवा, म्हणजे पाणी परत जाते. शंभर वर्षांत जमीन खचून उतार उलटा होतो. चावीपासून दूरच्या दोन पायांखाली लाकडाची पातळ चकती सरकवावी लागते. हे स्वतः करू नका, नळी जुनी असते. इमारतीच्या देखभालीच्या माणसाला बोलवा, त्याला पाच मिनिटे लागतात.

ओसरी (५ नोव्हेंबर २०२५)

चावी पूर्ण उघडली तेव्हा ठोके निम्मे झाले. आज देखभालीचे गृहस्थ येऊन चकत्या घालून गेले आणि काल रात्रीपर्यंतचा आवाज बंद झाला. जाताना त्यांनी रेडिएटरवर टॉवेल गुंडाळून ठेवलेल्या पातेल्याकडे बोट दाखवून हे काय आहे असे विचारले. दही विरजले आहे, हे मुलीने त्यांना समजावून सांगितले. पुण्यात डिसेंबरात लागत नाही इतके घट्ट दही येथे चार तासांत लागते, फक्त पातेले थेट लोखंडावर न ठेवता खाली जाड वर्तमानपत्र घालावे लागते.

पाटीपेन्सिल (५ नोव्हेंबर २०२५)

चार नको, साडेतीन तासांतच काढा. जानेवारीत बॉयलर जोरात चालतो, तेव्हा ते आंबट होईल.